दात उपटायचा की वाचवायचा?
रूट कॅनाल उपचारामागचा इतिहास

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘दाढेला कीड लागली.’ कीड म्हटली की धान्यातले सोंडे किंवा वांग्यातली अळी डोळ्यांसमोर येते. तसाच एखादा किडा दाढ पोखरत आत बसला असेल, असे लहान मुलांना वाटते. मुलांनाच का, जगातल्या बहुतेक संस्कृतींमधल्या मोठ्या माणसांनाही हजारो वर्षे हेच वाटत होते. बॅबिलोनियातल्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या विटेवर कीलाक्षरी लिपीत दंतकृमीची गोष्ट कोरलेली आहे. देवांनी किड्याला खायला अंजीर देऊ केले, पण त्याने ते नाकारले आणि माणसाच्या दातात व हिरडीत राहण्याची जागा मागून घेतली, अशी ती कथा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतल्या दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ हे नाव आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले ‘किडे पाडण्याची’ रीत आपल्या खेड्यांतूनही होती.

किड्याची ही कल्पना गेली, पण ‘दुखणाऱ्या दाताचे करायचे काय?’ हा प्रश्न राहिला. दात उपटावा की आतून साफ करून वाचवावा? आज आपण ज्याला रूट कॅनाल म्हणतो, तो दुसऱ्या पर्यायाचा मार्ग. हा मार्ग सरळ वाटेने सापडलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जवळजवळ बंदच पडला होता. विज्ञानाच्या नावाने मांडलेल्या एका सिद्धांतामुळे लाखो निरोगी दात उपटले गेले. तो सिद्धांत कसा पसरला आणि कशामुळे मागे पडला, हा या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. तिथे पोहोचण्याआधी दाताची रचना थोडी पाहून घेऊ.

दात आतून कसा असतो?

दात हाडासारखा घट्ट दिसत असला तरी तो आतून पोकळ असतो. सर्वांत बाहेरचे आवरण एनॅमलचे. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्याच्या आत डेंटीनचा थर असतो. या थरातून हजारो अतिसूक्ष्म नळ्या आरपार गेलेल्या असतात. आणि मध्यभागी असतो मऊ गर. दंतवैद्य त्याला पल्प म्हणतात. गरात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि डेंटीन तयार करणाऱ्या पेशी असतात. हा गर दाताच्या मुळांमधल्या अरुंद नलिकांतून खाली उतरतो आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो. मुळातली ही नलिका म्हणजेच रूट कॅनाल. पुढच्या दातांना बहुधा एकच नलिका असते. वरच्या पहिल्या दाढेला मात्र तीन आणि पुष्कळदा चार.

बोटाला काटा लागला, की बोट सुजते, लाल होते आणि काही दिवसांत बरे होते. सुजायला तिथे जागा असते आणि रक्तपुरवठा चहूबाजूंनी होतो. दाताच्या गराला यातले काहीच मिळत नाही. भोवती कठीण भिंती असल्यामुळे सूज पसरू शकत नाही. आतला दाब वाढतो. रक्त येण्या-जाण्याची वाट मुळाच्या टोकाच्या छिद्रांमधून, तीही अगदी चिंचोळी. म्हणून किडलेली दाढ ठणकते. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून हा ठणका रात्री जास्त जाणवतो.

पुढे आणखी एक फसवी गोष्ट घडते. गर मेला, की मज्जातंतूही मरतात आणि ठणका थांबतो. रुग्णाला वाटते, दाढ बरी झाली. प्रत्यक्षात आत जिवाणूंना ऊबदार, बंदिस्त घर मिळालेले असते. मेलेल्या गरात रक्त पोहोचत नाही, म्हणून रक्तातल्या संरक्षक पेशी तिथे जाऊ शकत नाहीत. गोळीतून घेतलेले प्रतिजैविकही नीट पोहोचत नाही. जिवाणू आणि त्यांची विषे मुळाच्या टोकातून बाहेर झिरपतात, तिथले हाड झिजू लागते, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हिरडीवर पुवाची पुळी दिसते किंवा गाल सुजतो.

एवढे समजले, की उपचाराचे तत्त्व आपोआप सुचते. मेलेला किंवा सडलेला गर काढून टाकायचा, नलिका साफ करायची आणि जिवाणूंना पुन्हा शिरायला जागा राहणार नाही अशी ती भरून टाकायची. हे एका वाक्यात सांगता आले तरी प्रत्यक्षात आणायला दोनशे वर्षे लागली.

घड्याळाची स्प्रिंग आणि झाडाचा चीक

१७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार यांचा दंतशल्यचिकित्सेवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दंतवैद्यक हे जत्रेत बसून दात उपटणाऱ्यांचे काम नसून अभ्यासाचा विषय आहे, हे त्यांनी दाखवून दिले. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही दातात किडे दिसले नाहीत, असे त्यांनी नोंदवले. किडलेल्या दातात लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवणे, आत पू साठला असेल तर दात उघडून त्याला वाट करून देणे आणि बारीक सुईने गर काढणे, हे सारे उपाय त्यांच्या ग्रंथात आहेत. लवंगेच्या तेलातला युजेनॉल हा घटक आजही दंतवैद्याच्या कपाटात असतो.

पुढच्या शतकात एकेक साधन गोळा होत गेले. १८३६ साली अमेरिकेतले स्पूनर यांनी जिवंत गर मारण्यासाठी सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरायला सुचवले. गर मरे, पण विष बाहेर झिरपले तर हिरडी आणि हाडही जळे. १८३८ साली वॉशिंग्टनचे एडविन मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग कानशीने घासून बारीक हत्यार बनवले. सुईसारखे बारीक, वाकले तरी न मोडणारे आणि कडेने खरवडणारे हत्यार त्या काळी बाजारात मिळत नव्हते. आजच्या रूट कॅनालच्या कानशी, म्हणजे ‘फाइल्स’, या स्प्रिंगच्याच वंशज आहेत.

नलिका साफ केल्यावर भरायची कशाने? सोने, शिसे, लाकूड असे अनेक पदार्थ वापरून झाले. उत्तर मलायाच्या जंगलातून आले. तिथल्या एका झाडाच्या चिकापासून गटापर्चा नावाचा पदार्थ मिळतो. १८४३ साली सिंगापूरमधले शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी यांनी त्याकडे युरोपचे लक्ष वेधले. आपला चिकू, मोह आणि बकुळ यांच्याच कुळातले हे झाड आहे. कच्चा चिकू तोडताना बोटांना चिकटणारा पांढरा चीक आठवला, की या पदार्थाची कल्पना येईल.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना गटापर्चात आणखी एक उदाहरण सापडेल. रबर आणि गटापर्चा दोन्ही आयसोप्रीनच्या लांब साखळ्या. फरक फक्त रचनेचा. रबरातली रचना ‘सिस’ प्रकारची, म्हणून साखळ्या वेटोळ्या राहतात आणि रबर ताणले जाते. गटापर्चातली ‘ट्रान्स’ प्रकारची, म्हणून साखळ्या शेजारीशेजारी नीट रचल्या जातात आणि पदार्थ घट्ट होतो. गरम केला की मऊ, गार झाला की पुन्हा टणक. पाण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. या गुणांमुळेच समुद्राखालच्या पहिल्या तारायंत्राच्या तारांना गटापर्चाचे आवरण दिले गेले आणि १८६७ साली बोमन यांनी त्याच्या बारीक शंकूंनी दाताची नलिका भरली. तारांवरून गटापर्चा कधीच गेला. दातात मात्र तो आजही भरला जातो.

त्याच सुमारास, १८६४ साली, न्यूयॉर्कचे सँफर्ड बार्नम यांनी रबराच्या पातळ चादरीला भोक पाडून त्यातून दात बाहेर काढण्याची युक्ती शोधली. दात कोरडा राहावा हा त्यांचा हेतू होता. लाळेतले जिवाणू नलिकेत जाऊ नयेत, हा या चादरीचा मोठा फायदा पुढे लक्षात आला.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. तेवढाच भाग बधिर करण्याची वाट त्यातून खुली झाली. कोकेनचे व्यसन लागते हेही लवकरच ध्यानात आले. १९०४-०५ च्या सुमारास जर्मनीत आइनहॉर्न यांनी प्रोकेन हे अधिक सुरक्षित औषध तयार केले. आता सोमल न वापरता, वेदना न होऊ देता गर काढता येऊ लागला.

नलिका किती लांब आहे, हे मात्र बाहेरून दिसत नव्हते. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि अवघ्या काही आठवड्यांत जर्मनीतल्या ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स यांनी १८९९ साली नलिकेत शिशाची तार घालून क्ष-किरणांनी तिची लांबी पाहिली. आजही तत्त्वतः असेच केले जाते. त्या काळी क्ष-किरणांचे धोके माहीत नव्हते. केल्स वर्षानुवर्षे स्वतःचा हात किरणांसमोर धरून यंत्र जुळवत. त्यांना कर्करोग झाला. आधी बोटे, मग हात कापावा लागला. असह्य यातनांनंतर १९२८ साली त्यांनी आपले आयुष्य संपवले.

म्हणजे १९०० च्या सुमारास हत्यार, भराव, रबराची चादर, भूल आणि क्ष-किरण ही सारी साधने उपलब्ध होती. आता या उपचाराची भरभराट व्हायला हवी होती. झाले नेमके उलटे.

माँट्रिअलचे भाषण

बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर हे रॉबर्ट कॉख यांच्या जिवाणुशास्त्राने प्रभावित झाले होते. त्यांनी काढलेले दात, लाळ आणि पाव शरीराच्या तापमानाला एकत्र ठेवून पाहिले. जिवाणू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते, हे त्यांनी दाखवले. १८९० साली त्यांचे तोंडातल्या सूक्ष्मजीवांवरचे पुस्तक इंग्रजीत आले. हजारो वर्षांच्या दंतकृमीला शेवटी खरे उत्तर मिळाले. १८९१ साली त्यांनी आणखी एक विचार मांडला. तोंडातले जिवाणू शरीराच्या इतर भागांत जाऊन तिथेही आजार निर्माण करू शकतील, असा तो विचार.

हा विचार ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी उचलला. ३ ऑक्टोबर १९१० रोजी माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी गाजलेले भाषण केले. सडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल बसवणाऱ्या दंतवैद्यांवर त्यांनी कडक टीका केली. हे म्हणजे पुवाच्या साठ्यावर सोन्याची समाधी बांधणे आहे, असे ते म्हणाले. पंडुरोग, पोटाचे विकार, मूत्रपिंडाचे आजार अशा अनेक दुखण्यांचे मूळ तोंडातल्या घाणीत आहे, असा त्यांचा दावा होता.

हंटर यांची टीका पूर्ण चूक नव्हती. त्या काळी बहुतेक दंतवैद्य हत्यारे नीट निर्जंतुक करत नव्हते आणि क्ष-किरण यंत्र थोड्यांकडेच होते. वरून झगमगीत आणि आतून सडलेले काम खरोखरच पुष्कळ होते. त्यावर ‘काम नीट करा’ हे उत्तर होते. वैद्यकाने मात्र दुसरेच उत्तर काढले. १९१२ च्या सुमारास शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी ‘जंतुकेंद्रा’चा सिद्धांत पुढे आणला. दात, टॉन्सिल अशा एखाद्या ठिकाणी जंतूंचे लपलेले केंद्र असते. तिथून जंतू रक्तावाटे सांध्यांत, हृदयात, मूत्रपिंडात जाऊन बसतात. म्हणून ते केंद्रच काढून टाकले, की आजार बरा होईल. क्लीव्हलँडचे वेस्टन प्राइस यांनी रुग्णांचे रूट कॅनाल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले. ससे आजारी पडले, अनेकदा मालकाच्याच आजारासारख्या आजाराने, असे त्यांनी १९२३ च्या ग्रंथात लिहिले.

परिणाम भयंकर झाला. संधिवात, डोकेदुखी, थकवा, काहीही असो, डॉक्टर रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवत आणि दंतवैद्य संशयित दात उपटत. गर नसलेला प्रत्येक दात काढलाच पाहिजे, असे मानणाऱ्यांना ‘शंभर टक्केवाले’ म्हणत. गंमत म्हणजे, क्ष-किरणांनी या लाटेला हातभारच लावला. छायाचित्रात मुळाशी जराशी काळी सावली दिसली, की दुखत नसलेला दातही जाई. केल्स यांनी १९२० साली याविरुद्ध आवाज उठवला आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून डोळे मिटून दात काढायला दंतवैद्यांनी नकार द्यावा असे सांगितले. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. अनेक दंतमहाविद्यालयांत रूट कॅनाल शिकवणे थांबले.

या लाटेचे टोक गाठले गेले अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात. तिथले प्रमुख हेन्री कॉटन यांची खात्री पटली होती, की वेडाचे कारणही लपलेले जंतूच. त्यांनी रुग्णांचे हजारो दात काढले. गुण आला नाही, की टॉन्सिल. तरीही नाही, तर मोठे आतडे. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आणि त्याहूनही अधिक होते. ८५ टक्के रुग्ण बरे होतात, असा कॉटन यांचा दावा होता. १९२० च्या दशकात फिलिस ग्रीनेकर या तरुण महिला डॉक्टरने रुग्णांच्या नोंदी तपासल्या, रुग्णांना प्रत्यक्ष जाऊन भेटल्या, आणि हा दावा टिकत नाही असे दाखवले. त्यांचा अहवाल वरिष्ठांनी दाबून ठेवला. कॉटन लबाड नव्हते. त्यांनी स्वतःचे आणि आपल्या मुलांचेही दात काढून घेतले होते. प्रामाणिकपणा असला म्हणजे पुरावा असतोच असे नाही, याचे हे दुःखद उदाहरण आहे.

तर्कात भोक कुठे होते?

आता थोडे थांबून या सिद्धांताचा तर्क तपासू या. दात काढल्यावर काही रुग्णांना खरेच बरे वाटले होते. प्रयोगशाळेत काढलेल्या दातांच्या मुळांवर जिवाणू खरेच सापडत होते. मग चूक कुठे?

पहिली गोष्ट, संधिवातासारखे आजार आपोआप कमी-जास्त होतात. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही केले, अगदी काहीच केले नाही, तरी पुष्कळांना थोडे बरे वाटणारच. दुसरी गोष्ट, त्या काळच्या प्रौढ माणसाच्या तोंडात एखादा खराब दात जवळजवळ नेहमीच सापडे. जो ‘गुन्हेगार’ सगळ्यांच्याच घरी सापडतो, त्याच्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. खरा प्रश्न असा होता : दात न काढलेल्या तशाच रुग्णांचे काय झाले? तुलनेसाठी असा गट ठेवायचा असतो, हे बहुतेकांनी लक्षातच घेतले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म. १९३६ साली लंडनचे विल्फ्रेड फिश आणि मॅक्लीन यांनी विचारले : मुळावर सापडणारे जिवाणू आधीपासून तिथे होते, की दात काढताना तिथे गेले? दात उपटताना तो मागेपुढे हलवावा लागतो. त्या हालचालीने हिरडीच्या खाचेतले जिवाणू पंपासारखे आत ढकलले जाऊ शकतात. त्यांनी दात काढण्याआधी हिरडीची खाच डाग देऊन निर्जंतुक केली. मग निरोगी दातांच्या मुळांवर आणि गरात जिवाणू सापडले नाहीत! ज्याला पुरावा समजत होते, त्यातला बराच भाग दात उपटण्याच्या क्रियेनेच तयार झालेला होता.

१९३८ साली रसेल सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला. दूषित दात काढलेल्या ५२ जणांपैकी ४७ जणांना काहीही फायदा झाला नव्हता. टॉन्सिल काढलेल्या ९२ पैकी ८६ जणांची तीच गत. सेसिल हे पूर्वी या सिद्धांताचे समर्थक होते. आकडे विरुद्ध गेल्यावर त्यांनी आपले मत जाहीरपणे बदलले, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. प्राइस यांच्या सशांच्या प्रयोगांचे निष्कर्षही पुढे काटेकोर प्रयोगांत टिकले नाहीत. दूषित दात, तोही सशाच्या मानाने प्रचंड जंतुसंख्येसह, कातडीखाली ठेवला तर ससा आजारी पडणारच. त्यावरून माणसाच्या तोंडातल्या, साफ करून बंद केलेल्या दाताबद्दल काही सिद्ध होत नाही.

१९४३ साली शिकागोत काही दंतवैद्यांनी एकत्र येऊन रूट कॅनाल उपचार करणाऱ्यांची संघटना स्थापन केली. १९६३ साली ही अमेरिकेत दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली.

उंदरांनी दिलेले उत्तर

मूळ प्रश्न अजून बाकीच होता. दाताचा गर मरतो कशाने? तो उघडा पडल्याने, अन्नाचे कण शिरल्याने, की जिवाणूंनी? तोंडात या तिन्ही गोष्टी एकत्रच घडतात, मग त्या वेगळ्या कशा करायच्या?

१९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी याचे सुंदर उत्तर शोधले. त्यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एक नेहमीचे, दुसरे जन्मापासून पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेले. दोन्ही गटांच्या दाढांना भोक पाडून गर उघडा केला आणि भोक तसेच ठेवले. अन्न दोघांच्याही दाढेत साचत होते. नेहमीच्या उंदरांचा गर काही दिवसांतच सडला, मुळाशी गळू झाले. जंतुविरहित उंदरांच्या दाढेत अन्न कोंबले गेलेले असूनही गर जिवंत राहिला. इतकेच नव्हे, तर महिन्याभरात त्याने उघड्या भागावर डेंटीनचा नवा पूल बांधून भोक स्वतःच बुजवले. दोन गटांत फरक एकाच गोष्टीचा होता, आणि ती गोष्ट म्हणजे जिवाणू.

१९७६ साली स्वीडनमधले सुंडक्विस्ट यांनी माणसांत तपासले. मार लागून गर मेलेले, पण बाहेरून अखंड असलेले दात त्यांनी निवडले. ज्या दातांच्या मुळाशी हाड झिजले होते, त्यांपैकी जवळजवळ सर्वांत जिवाणू सापडले. जिथे हाड शाबूत होते, तिथे सापडले नाहीत. यातले बहुतेक जिवाणू ऑक्सिजनशिवाय जगणारे होते, त्यामुळे पूर्वीच्या प्रयोगशाळांत ते वाढलेच नव्हते. निव्वळ मेलेला गर उपद्रव देत नाही. उपद्रव देतात त्यात राहणारे जिवाणू. म्हणजे जिवाणू घालवले आणि त्यांची वाट बंद केली, तर दात उपटण्याचे कारण उरत नाही.

आज काय करतात?

आता दंतवैद्याच्या खुर्चीवर घडणारी प्रत्येक क्रिया आपल्याला ओळखीची वाटेल. आधी क्ष-किरण छायाचित्र, मग भुलीचे इंजेक्शन. दाताभोवती रबराची चादर. दाताच्या वरच्या भागातून भोक पाडून गर काढला जातो. मग क्रमाने जाड होत जाणाऱ्या फाइल्सनी नलिका घासली जाते. फाइलवरचा क्रमांक तिच्या टोकाची जाडी सांगतो; २५ क्रमांकाची फाइल टोकाशी ०.२५ मिलिमीटर. १९८८ पासून निकेल आणि टायटॅनियमच्या लवचीक मिश्रधातूच्या फाइल्सवर संशोधन सुरू झाले आणि वाकड्या मुळांतले काम सोपे झाले.

घासण्याइतकेच महत्त्व धुण्याला आहे. नलिकेला बारीक फाटे असतात, तिथे कोणतीही फाइल पोहोचत नाही. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरतात. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी वापरलेले हेच रसायन. घरातल्या ब्लीचमध्येही तेच असते. ते जिवाणू मारते आणि मेलेला गर विरघळवते. शेवटी नलिका कोरडी करून गटापर्चाने भरतात. गर गेलेला आणि पोखरलेला दात चावताना फुटू शकतो, म्हणून दाढेवर बहुधा टोपी बसवतात. काम नीट झाले तर दहापैकी आठ-नऊ दात वर्षानुवर्षे टिकतात. मुळाशी झिजलेले हाड हळूहळू पुन्हा भरून येते. जे टिकत नाहीत त्यांत बहुधा एखादी नलिका सापडलेली नसते किंवा वरचा भराव झिरपू लागतो. म्हणून उपचार झाल्यावर टोपी बसवायला चालढकल करणे महागात पडते. दात मुळापर्यंत तडकला असेल किंवा भोवतीचे हाडच गेले असेल, तर मात्र आजही तो काढावा लागतो.

जुन्या सिद्धांतात सत्याचा अंश होता हेही सांगायला हवे. तोंडातले जिवाणू रक्तात जातात, हे खरे. हृदयाच्या झडपांचे काही विशिष्ट विकार असलेल्यांना दाताच्या कामाआधी प्रतिजैविक दिले जाते ते त्यामुळेच. हिरड्यांचे आजार आणि हृदयविकार एकत्र का आढळतात, यावर संशोधन चालू आहे. पण दोन गोष्टी एकत्र आढळणे म्हणजे एक दुसरीचे कारण असणे नव्हे. मागे पडलेले सिद्धांत पुन्हा डोके वर काढतात हेही ध्यानात ठेवावे. रूट कॅनालमुळे गंभीर आजार होतात असे सांगणारा ‘रूट कॉज’ हा माहितीपट इंटरनेटवरून घरोघर पोहोचला होता. दंतवैद्यकाच्या संघटनांनी आक्षेप घेतल्यावर २०१९ साली तो नेटफ्लिक्सवरून काढला गेला. त्यातला मुख्य आधार प्राइस यांचे शंभर वर्षांपूर्वीचे प्रयोग हाच होता.

वर्गात चर्चेसाठी

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे पुढील प्रश्न ठेवता येतील.

१. दात काढल्यावर संधिवात बरा झालेल्या दहा रुग्णांची नावे एखाद्या डॉक्टरने सांगितली. त्यांना आणखी कोणती माहिती विचाराल?

२. काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी जंतुविरहित उंदरांच्या दाढेतले अन्न रोज साफ केले असते, तर प्रयोगाचा निष्कर्ष काढता आला असता का?

३. ‘मला गुण आला’ आणि ‘या औषधाने गुण येतो’ या दोन विधानांत फरक काय?

४. ‘दाताला कीड लागली’ याऐवजी दातात खरोखर काय घडते ते सांगणारे वाक्य तयार करा.

या प्रश्नांबरोबर एक व्यावहारिक गोष्टही मुलांपर्यंत पोहोचवावी असे आम्हाला वाटते. गार किंवा गोड खाल्ल्यावर दात क्षणभर शिवशिवला, तर अनेकदा साध्या भरावाने काम भागते. गरम खाल्ल्यावर उठलेली कळ बराच वेळ टिकत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर गर धोक्यात आहे. आणि महिनाभर ठणकणारी दाढ एके दिवशी अचानक गप्प झाली, तर आनंदून जाऊ नये. दंतवैद्याकडे जाण्याची वेळ तेव्हाच आलेली असते.